एका कोपऱ्याचा खंड

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा नियम शोभना साताऱ्याहून सौदीतल्या हाइलला घेऊन आली होती आणि तोच तिला नडला. कारण भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या उम्म मिशालचाही नेमका तोच नियम होता. उम्म मिशाल म्हणजे मिशालची आई. इकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात, त्यामुळे पुण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या चिरंजीवांच्या कृपेनं शोभनाही आठ वर्षं उम्म रोहन होऊन बसली होती.

सुरुवात साधी होती. पलीकडून ताटभर खजूर आले, शोभनानं ताट करंज्या घालून परत केलं. तिथं प्रकरण मिटायला हवं होतं. पण करंज्या इतक्या आवडल्या, की ताटातून भरडलेल्या गव्हाचं जरीश आलं. मग पुरणपोळ्या गेल्या, उदाच्या अत्तराची कुपी आली. शोभनानं पेटी उघडून कोरी पैठणी ओढणी काढली, तेव्हा तिचे यजमान श्यामकांत चष्म्यावरून बघत म्हणाले की आता पुढच्या खेपेला मलाच ताटात घालून पाठव. श्यामकांत सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ होते आणि शुद्धीवरच्या माणसांशी बोलायची संधी मिळाली की सोडत नसत.

ओढणी गेली आणि त्याच आठवड्यात उम्म मिशाल शोभनाला गाडीत घालून आपल्या मजऱ्यावर, म्हणजे शेतावर, घेऊन गेली. गव्हाच्या कडेला, खजुरीच्या सावलीत जमिनीचा एक पट्टा नुकताच नांगरून ठेवला होता. ताज्या मेथीची आठवण येते असं शोभना कधीतरी बोलून गेली होती, ते म्हातारीनं लक्षात ठेवलं होतं. हा कोपरा तुझा, ती म्हणाली, पाणी माझं, हवं ते लाव.

शोभनानं वाकून मूठभर माती उचलली. आठ वर्षं कुंडीत कोथिंबीर लावणाऱ्या बाईला कुणी जमीन दाखवली की काय होतं, ते तिलाच माहीत. पण घरी पोचेपर्यंत सवयीप्रमाणे डोकं चालू झालं. याच्या बदल्यात काय द्यायचं? श्यामकांतांनीही तेच विचारलं. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आहे तोवर आपण इथले, उद्या खलास म्हटलं की बॅगा भरायच्या, मग एवढा उपकार डोक्यावर घेऊन जायचं का, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं, म्हणूनच जास्त बोचलं.

दुसऱ्या दिवशी ती पुरणपोळ्यांचा डबा घेऊन गेली आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगून आली, की कोपरा नको, मला याची फेड करता येणार नाही. उम्म मिशालनं वाद घातला नाही. तुझी मर्जी, एवढंच म्हणाली.

चार दिवसांनी मोलकरीण डबा परत घेऊन आली. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा.

शोभना तो डबा हातात धरून ओट्याशी उभी राहिली. हाइलमध्ये तिला मैत्रीण म्हणावी अशी ही एकच बाई होती, आणि तिला ती स्वतःच्या शहाणपणानं घालवून बसली होती. त्या दिवशीचा स्वयंपाक आळणी झाला. श्यामकांत निमूटपणे जेवले, यावरून काय ते समजावं.

आता मौज अशी, की देण्याघेण्याच्या या विषयात शोभना चक्क डॉक्टर होती. तेराव्या शतकातले इंग्लंडचे राजे, त्यांची येणी आणि जमिनीच्या सनदा यावर तिनं पुण्यात प्रबंध लिहिला होता. लग्नानंतर तो माळ्यावर गेला आणि पुढे ती आखातात आली. त्या राजांची येणी दोन तऱ्हांची असत. बड्या सरदारांवर ते अशा रकमा लादत, की बिचाऱ्यांच्या नातवंडांकडूनही फिटू नयेत. माणूस मुठीत ठेवायची ती युक्ती. आणि दुसरीकडे, कुणाला शेत दिलं तर खंड म्हणून मागत वर्षाला एक गुलाबाचं फूल. कुणाला हातमोज्यांचा जोड. एकाला तर, समुद्र ओलांडताना राजाला मळमळायला लागलं की त्याचं डोकं धरायचं काम होतं. कारकून तेही गंभीरपणे दप्तरात लिहीत, आणि मैत्रिणींना ते वाचून दाखवताना शोभना पोट धरून हसत असे.

आज तिला हसू आलं नाही. एका फुलानं राजाचा खजिना काय भरणार होता? पण फूल द्यायला त्या माणसाला दरवर्षी यावं लागे. शेत कुणी दिलं हे त्याच्या लक्षात राही, आणि देणाऱ्याच्याही. फिटून जाऊ नये म्हणूनच तो खंड इतका लहान होता. आणि आपण म्हातारीच्या कोपऱ्याला सरदारांच्या कर्जात धरलं, असं मनाशी म्हणत ती तशीच चपला घालून निघाली.

उम्म मिशालनं दार उघडलं, अरबी कॉफीचा गहवा ओतला, पण चेहरा मिटलेलाच होता. शोभनानं राजांची सगळी गोष्ट सांगितली. मळमळणाऱ्या राजाचं डोकं तिला अरबीत सांगता येईना, तेव्हा करून दाखवलं. म्हातारी हसली नाही, पण कान देऊन ऐकत राहिली.

"राजा त्या एका फुलाचं काय करायचा?" तिनं विचारलं.

"काही नाही. पण माणूस यायचा."

उम्म मिशालनं हातातला पेला खाली ठेवला.

"मला तुमचा कोपरा हवा आहे," शोभना म्हणाली. "फार हवा आहे. खंड तुम्ही सांगा."

म्हातारीनं शोभनाचा पेला पुन्हा भरला. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एक मुलगा रियाधला, एक जेद्दाला.

"माझ्याकडे येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो," ती म्हणाली. "मिठाई, फोन, मोठाली खोकी. ती ठेवतात, डोक्याचं चुंबन घेतात आणि निघतात. माझी मुलंसुद्धा. तू दर शुक्रवारी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ये. हात हलवत ये. काही आणलंस तर कोपरा परत घेईन."

त्या शुक्रवारी घरात बेसनाचे लाडू झाले होते. ते ओट्यावर ठेवून बाहेर पडणं शोभनाला फार जड गेलं; रस्ताभर हातांचं काय करावं ते तिला सुचेना. उम्म मिशालनं दारातच तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, आपल्या हातात घेतले आणि तिला आत नेलं. मग दोघी बसल्या. मेथी कधी पेरावी, मिशालला लहानपणी गोवर आला तेव्हा काय झालं, रोहन जेवतो की नाही, असलंच बोलणं. मधे बराच वेळ दोघीही बोलल्या नाहीत, आणि तेही चाललं.

निघताना शोभनाला आभार मानायचे होते, पण अरबी पुरेना. ती मराठीतच म्हणाली, "फार बरं वाटलं हो मला." आणि तिला रडू आलं. उम्म मिशालनं अर्थ विचारला नाही. ओढणीच्या टोकानं तिचे डोळे पुसले आणि सांगितलं, की पुढच्या शुक्रवारचा खंड अजून यायचा आहे.