वरणगावची नळी

"दिपमालाताई, जरा इकडे या. या दोन रांगा बघा," शिल्पामॅडम म्हणाल्या.

मी हात पुसत संगणकापाशी गेले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या. उडीद, मूग, हरभरा यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात ना, त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला खाऊ घालतात. पण दिसायला मेले सगळे सारखेच, पांढरे आणि बुळबुळीत. कोण कुठल्या घराण्यातला, ते डीएनएच्या पट्ट्यांवरूनच कळतं. गावोगावच्या शेतांतून आणून आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांत जपलेल्या सगळ्या जिवाणूंचे मॅडमनी असे ठसे काढले होते. पहूरची तूर निराळी निघाली, नशिराबादचा मूग निराळा. पट्ट्या जुळल्या नाहीत की मॅडम लहान पोरीसारख्या खूश व्हायच्या.

या दोन मात्र जुळल्या होत्या. अगदी तंतोतंत.

"डावीकडचा आपल्या जिवाणू-खताच्या पाकिटातला, बियाण्याला लावायला शेतकऱ्यांना देतो तो," मॅडम म्हणाल्या. "आणि उजवीकडचा वरणगावचा, उडदातला."

मी पडद्याच्या आणखी जवळ वाकले.

वरणगावची नळी माझी होती. म्हणजे सरकारचीच, पण माझी. माझे वडील, जीवराम आबा, गेले तेव्हा त्यांचा उडीद शेतात उभा होता. त्यातलं एक रोप मी मातीच्या ढेकळासकट खणून काढलं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून बसमध्ये मांडीवर ठेवून आणलं. गाठ कापली तर आतून गुलाबी, जिवंत. पुढे माझ्या भावानं, जीवननं, शेत विकलं. तिथे प्लॉट पडले, सिमेंटचे रस्ते झाले, बंगले उठले. आबांच्या मातीतलं जे काही जिवंत उरलं होतं ते या नळीत होतं. दर काही महिन्यांनी त्याला नव्या नळीत, नव्या अन्नावर हलवायचं. नाहीतर मरतं. दिवाळीच्या सुट्टीतही मी फ्रिज चालू आहे ना ते बघायला यायची. लोक म्हणायचे, दिपमालाला ना नवरा ना पोर, बिचारी जंतू पोसते. पोसते तर पोसते! तुमच्या काय बापाचं जातं?

आता या महिन्याअखेर मी निवृत्त होणार होते. माझ्यामागे या नळ्यांकडे कोण बघणार? म्हणून मॅडमनी खटपट करून ठरवलं होतं, की ज्यांचे ठसे वेगळे, ते जिवाणू देशाच्या मोठ्या संग्रहात पाठवायचे. तिथे ते वाळवून कायमचे जपतात, गावाच्या नावासकट. जे एकसारखे, त्यांतला एकच ठेवून बाकीचे फेकायचे. वरणगाव त्या यादीत जाणार, एवढ्या एका आशेवर मी निवृत्तीचे दिवस ढकलत होते.

"नळ्या बदलताना कधी सरमिसळ होते, ताई," मॅडम हळूच म्हणाल्या.

"माझ्या हातून?"

"रागावू नका. दुसरं कारण एकच. त्या शेतात आपलं पाकीट वापरलं असेल. पण एकदा वापरून भागत नाही. जमिनीतले जुने जिवाणू बाहेरच्याला सहसा टिकू देत नाहीत. दरवर्षी लावलं असेल तरच."

"आमच्या आबांनी? शक्यच नाही!"

दर जूनमध्ये मी स्वतः पाकीट घेऊन जायची. आबा ते दोन बोटांत धरून फळीवर टाकायचे आणि म्हणायचे, "आपल्या मातीले काय धाड भरली? मोठी आली किडे घेऊन!" मग आमचं कडाक्याचं भांडण. मी न जेवता परतीची बस धरायची. माझं काम त्यांच्या लेखी काचा धुण्याचं, हे मला आयुष्यभर सलत राहिलं.

म्हणजे एक तर मी हलगर्जी, नाहीतर आबा खोटारडे. रविवारी मी वरणगाव गाठलं.

आमच्या बांधाला बांध लागून पार्वताबाईचं शेत होतं. आता ती थकलीय, ओट्यावर बसून असते. जयभीम झाला, चहा झाला. मग मी विचारलं.

"पाकीट?" ती म्हणाली. "दरवर्षी लावे व माय तुहा बाप! पेरनीच्या आंधी गुयाचं गोड पानी करे, त्यात ते कालवे, बियाले चोये, अन् सावलीत पसरून स्वतः राखन बसे. कोंबडी फिरकू नई दे. मी म्हनलं, भाऊ, मले द्या थोडं. तं म्हने, 'नई, माह्या पोरीनं आनेल हाये.'"

"मग मला कधी बोलले कसे नाहीत?"

पार्वताबाई हसली. दात नव्हतेच. "मी बी इचारलं व्हतं. तं म्हने, 'पटलं म्हनून सांगलं तं पुढच्या साली पोरगी पाकीट पोस्टानं धाडीन. नई म्हनलं तं भांडाले तरी येते.'"

कप खाली ठेवला नि उठले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून भुसावळपर्यंत रडले. रागही आला. अहो आबा, जेवायला थांब म्हणाला असतात तर थांबले असते की!

कुणाला तरी हे सांगावंसं वाटलं. जीवनला फोन लावला. "ताई, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू," म्हणाला. संध्याकाळ झाली. खोलीत दिवा लावला, एकटीची खिचडी टाकली. फोन काही आला नाही.

सोमवारी मॅडमना सांगितलं, "सरमिसळ नव्हती. त्यांनी लावलं होतं. दरवर्षी."

मॅडमनी यादी पुढे ओढली. "मग आपली वरणगावची नळी..."

"काढा. पाकिटातला जिवाणू संग्रहात जातोच आहे ना, त्याच्या मूळ गावाच्या नावानं. एकच जीव दोन नावांनी कशाला?"

"तुमच्यापुरती ठेवू या का, ताई?"

"आणि महिन्याअखेरीनंतर तिला खायला कोण घालणार?"

फेकायच्या सगळ्या नळ्या मीच गोळा केल्या. मोठ्या कुकरसारखं यंत्र असतं आमच्याकडे, त्यात वाफेवर शिजवून मगच जिवाणू टाकायचे, असा नियम आहे. शिट्टी होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. मग वरणगावच्या नळीवरची चिठ्ठी नखानं खरवडली, नळी ब्रशनं घासली, तीनदा खळबळली आणि बाकीच्यांच्या रांगेत उलटी ठेवली. दुपारी वाळलेल्या नळ्या आवरायला गेले, तर त्यातली वरणगावची कुठली ते मलाच ओळखू येईना. मग सगळ्याच एकेक करून उजेडात धरल्या आणि पदरानं पुसल्या.