आधी दिलेलं औषध

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना पिंजरा आहे, उंदरांचा. माझी एक कडी लंगडी झाली आहे, पण घाण मी कधीच नव्हतो. प्रयोगशाळेतले मामा मला रोज गरम पाण्याने घासायचे, लाकडाचा भुसा अंथरायचे आणि मगच पांढरे उंदीर आत सोडायचे.

तेव्हा माझा थाट काय वर्णावा! आमच्या बाई स्वादुपिंडाच्या सुजेवर औषध शोधत होत्या. पोटातल्या या अवयवात अन्न पचवणारा रस तयार होतो. सूज आली की तोच रस त्याला पोखरू लागतो. बाई उंदरांना आधी औषध द्यायच्या आणि मग सूज आणणारं इंजेक्शन. उंदीर तगायचे. शेवटी तपासणीसाठी त्यांचाही जीव घ्यावा लागायचा, पण स्वादुपिंड निरोगी निघायचं. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि मी फुशारून जायचो.

संध्याकाळी बाईंचा धाकटा भाऊ त्यांना न्यायला यायचा. माझ्या जाळीवर टिचकी मारून म्हणायचा, "ताई, काय लाड चाललेत यांचे! मी आजारी पडलो तर मलाही इथेच ठेव."

"तू मावणार नाहीस," बाई हसायच्या.

एका संध्याकाळी तो आला नाही. पोट धरून दवाखान्यात गेला होता. तीच सूज!

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याशेजारी मटकन बसल्या. "मामा, तो म्हणतोय, ताई, तुझं औषध दे की."

"मग द्या ना, बाई."

"कसं देऊ? उंदरांना मी दुखणं यायच्या आधी द्यायचे. माणूस दुखायला लागल्यावरच येतो. नंतर देऊन काय होतं, ते मी कधी पाहिलंच नाही हो!"

त्या दिवशी बाईंनी क्रम उलटा केला. आधी इंजेक्शन, आणि उंदीर मुटकुळं करून बसल्यावर औषध. सकाळी माझ्या भुशावर एकही हलत नव्हता. मामांनी एकेकाला हळूच उचललं. त्याच आठवड्यात बाईंचा भाऊही गेला. मला फार वाईट वाटलं. जाळीवर टिचकी मारणारं पुन्हा कोणी आलं नाही.

आता मी माळ्यावर गंजत पडलो आहे. खाली नवे पिंजरे आहेत. तिथे औषध दुखण्यानंतरच दिलं जातं. थोडेच उंदीर तगतात, टाळ्या कोणी वाजवत नाही, पण बाई रोज येतात.

मित्रांनो, मला घासूनपुसून मिरवू नका. फक्त एक करा. मुक्या जिवाला काही विचारायचंच असेल, तर खरा, अवघड प्रश्न विचारा. सोपा विचारलात, तरी त्याला उत्तर जीव देऊनच द्यावं लागतं.