लाल टोपण

मी औषधाच्या दुकानात काम करते. इन्सुलिन घ्यायला येणाऱ्या प्रत्येकापुढे माझी एकच टकळी चालू असते: चाळीस युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, शंभरच्या, म्हणजे अडीच पट कडक बाटलीला नारिंगी. गिऱ्हाइकं वैतागतात, मालक हसतात. घरी मात्र हे कुणाला सांगावं असं कधी सुचलं नाही. आमच्याकडे साखरेचा त्रास फक्त आईला, तिची बाटली चाळीसची आणि डब्यात सगळ्या सिरिंजा लाल टोपणाच्या. दादा तर धडधाकट.

जरा जास्तच धडधाकट. चार वर्षं तो शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मागे हात धुऊन लागला होता. मी चटकन पेटते म्हणून मला काडेपेटी म्हणायचा, आणि दारात मला मुद्दाम दंडाने ढकलायचा. मागच्या वर्षी त्याचा दुसरा नंबर आला, ते जिव्हारी लागलं. इन्सुलिनने स्नायू भरतात, असं जिममधल्या मित्राने त्याच्या डोक्यात भरवलं आणि एक बाटली हातात ठेवली. शंभरची. सिरिंज दादाने आईच्या डब्यातून घेतली आणि सांगितलेल्या रेघेपर्यंत भरली. रेघ बरोबर, सिरिंज चुकीची. अडीच पट औषध अंगात गेलं.

हे मला नंतर कळलं, त्याच्या बॅगेत ती बाटली आणि लाल टोपण सापडलं आणि त्या मित्राने बाकीचं कबूल केलं तेव्हा. त्या दुपारी मी जेवायला घरी आले, तर तो पलंगावर घोरत होता, बनियन घामाने चिंब. व्यायामाने दमला असेल, असं मला वाटलं. मी पंखा वाढवला, पडदा ओढला, आईला म्हटलं, त्याला उठवू नकोस, आणि कामावर गेले. आई तीन तास पावलं न वाजवता घरात वावरली.

मग तो हलवूनही उठेना, तेव्हा दवाखान्यात नेला; डॉक्टरांनी तळाला गेलेली साखर वर आणली. पण मेंदू इतका वेळ उपाशी राहिला, ते नुकसान भरून येईलच असं नाही, म्हणाले. सिरिंज कुठली होती ते मी आईला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आता आठ महिने झाले. दादा चालतो, भरवलं की जेवतो. शर्ट त्याला ढगळ होतात. मला त्याची फार आठवण येते, आणि तो समोरच बसलेला असतो. मला त्याच्याशी कडाकडा भांडायचं आहे. त्याने एकदा मला ओळखावं, बाकी काही नको.

काल सकाळी मी वाकून त्याच्या शर्टाची बटणं लावत होते. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, नीट, बराच वेळ. असं आठ महिन्यांत झालं नव्हतं. माझे हात थांबले. मी आईला हाक मारली, ती ओल्या हातांनी धावत आली.

"दादा," मी म्हटलं, "मी कोण, सांग."

तो ओशाळला. पाय आवरून घेतले, पलंगावर शेजारी जागा केली.

"तुम्ही उभ्या का?" तो म्हणाला. "बसा ना."

लेक बोलला म्हणून आईला आनंदाने रडू फुटलं. मी बसले, पलंगाच्या कडेला, परक्या घरी बसतात तशी.