डब्यातली दुसरी तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी डीव्हीडी आहे, आणि तीही डब्यातली दुसरी. पहिलीत पुराणकथेचा झगमगीत सिनेमा होता: सोन्याचे रथ, आग ओकणारे राक्षस, आभाळ झाकून टाकणारे बाण. तो कसा घडवला, ते माझ्यात होतं. मला कोण लावणार?

छत्रपती संभाजीनगरात कमरोद्दीन विणकरांच्या घरी मात्र उलटं होतं. सिनेमातल्या राजाच्या खांद्यावरचा हिमरू शेला त्यांनी विणला होता. ते मागावर बसलेले माझ्यात दिसत, म्हणून पाहुणे आले की माझाच मान.

खाली कमरोद्दीन आडव्या धाग्याचा धोटा फेकत आणि मागाच्या माथ्यावर बसून त्यांच्या बीबी, गौहर, नक्षीचे धागे ओढत. एरवी ते बीबीला नावानं बोलवत नसत. "अजी, सुनो" एवढंच. मागावर मात्र हाक आखूड लागते. ते म्हणत, "गौहर!" की वरून त्या धाग्यांचा आकडा पुकारून ओढत.

कमरोद्दीन गेले. प्लेअर बिघडला. सिनेमा आता मोबाइलवर येतो. मी येत नाही. शेजारच्या भागूबाईंनी फुलंब्रीच्या शेतासाठी चकाकत्या तबकड्या मागितल्या. नजर अधू झालेल्या गौहरनी मूठभर उचलून दिल्या, त्यात मीही गेले. दोन हंगाम मी ज्वारीवर लटकून पाखरं हाकलली. कणसं घासून अंगावर चरे पडले.

इकडे त्यांची नात अदीबा आजोबांचा माग पुन्हा चालवायला बसली. अर्धा शेला झाला आणि काठाच्या फुलाशी काम थांबलं. नक्षीचा कागद वाळवीनं खाल्लेला. दादीला विचारावं तर त्या म्हणत, "बसून नाही आठवत बेटा. हाताला ठाऊक होतं." आज जमलं नाही तर माग मोडायचा आणि सोमवारी चिकलठाण्याच्या कंपनीत रुजू व्हायचं, असं अदीबानं ठरवलं होतं. तेव्हा कुठं सगळ्यांना माझी आठवण झाली. माझ्यात हेच फूल विणतानाचे गौहरच्या तोंडचे आकडे होते ना!

भागूबाई धापा टाकत मला घेऊन आल्या. काखेत त्यांचा जुना प्लेअर.

"भागू, माझ्या नवऱ्याला तू दोन वर्षं उन्हात टांगलं गं!"

"तुम्हीच दिला की, गौहरआपा! पर लई कामाचा माणूस. एक पाखरू फिरकलं नाय."

अदीबा हसली नाही. मऊ कापडानं तिनं मला मधून कडेकडे पुसलं आणि प्लेअरमध्ये ठेवलं. मी फिरू लागले. पडदा काळाच. माझ्या अंगातून खरखर निघाली. मित्रांनो, इतकी भीती मला वावटळीतही वाटली नव्हती.

मग माग दिसला. कमरोद्दीन दिसले. त्यांनी मान वर केली.

"गौहर!"

आणि मी चऱ्यावर अडकले. पुढचा आकडा येईना.

"गौहर!" पुन्हा तेच.

"गेलं," म्हणत अदीबानं बटणाकडे हात नेला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"नऊ."

गौहरचे दोन्ही हात वर उठले होते, हवेतले धागे ओढत होते.

"गौहर!"

"चौदा."

"गौहर!"

"चार सोडून दोन."

अदीबा पेन्सिल शोधत धावली. मी अडकतच राहिले, ते हाक मारतच राहिले आणि आकड्यामागून आकडा येत गेला. फूल पूर्ण झालं तेव्हा वहीचं पान भरलं होतं.

मित्रांनो, घरातली जुनी तबकडी पाखरांना देण्याआधी एकदा लावून बघा. चरा पडलेली असली तरी बघा. तिच्यात तुमच्या घरातलं कोणी असेल.

भागूबाई प्लेअर बंद करायला उठल्या. गौहरनी त्यांचा पदर धरला.

"ऱ्हाऊ दे गं, भागू. घरात कधी नावानं बोलवलं नाही त्यांनी. अजून थोडं बोलवू दे."