रागाचा दाखला

"माणसाचा स्वभाव रक्तात असतो, आणि रक्तापुढे शहाणपण चालत नाही!" मिस्त्रींनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केले.

"बाबा, भाषण पुरे. थुंका," मुलगी म्हणाली.

तिच्या हातात प्लास्टिकची नळी होती. नळीवर एक रेघ होती आणि त्या रेघेपर्यंत थुंकी भरायची होती. पण भाषणाने तोंडाला कोरड पडते. पाच मिनिटे झाली तरी घराण्याचा सगळा वारसा नळीच्या बुडाशीच होता.

मिस्त्रींनी चौतीस वर्षे लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. आता ते निवृत्त होते आणि घराण्याचा राग तेवढा कामावर होता. त्यांच्या वडिलांना लोक 'तोफखाना' म्हणत. पाऊस थांबेना म्हणून तोफखान्यांनी एकदा छत्री गुडघ्यावर मोडली, भिजत घरी आले, आणि ओल्या कपड्यांबद्दल बायकोला फैलावर घेतले. हा किस्सा मिस्त्री पदक दाखवावे तसा सांगत.

मुलगी एका संशोधन केंद्रात नोकरीला होती. स्वभाव पिढ्यान् पिढ्या कसा उतरतो ते तिथे तपासत, आणि एकाच घरातल्या दोन पिढ्यांचे नमुने त्यांना हवे होते. मिस्त्रींनी आपण होऊन नाव दिले. अट एकच होती, निकालाचा छापील कागद हवा, शिक्क्यासह, दोन प्रतींत. एक प्रत भिंतीवर लावायला. दुसरीसाठी पाकीट आधीच तयार होते आणि त्यावर मुलाचा पत्ता होता.

मुलगा सहा वर्षे घरी आला नव्हता. त्याने वर्षभर खपून एक लाकडी जहाज बनवले होते, शिडांच्या दोऱ्यांसकट. टेबलावर डिंक सांडला म्हणून मिस्त्रींनी ते भिंतीवर आपटले. मुलाने तुकडे वेचून पिशवीत भरले आणि ती पिशवी घेऊनच तो बाहेर पडला. तेव्हापासून त्याचा फोन फक्त बहिणीला. त्याचे लग्न झाल्याचे मिस्त्रींना उडत उडत कळले. त्यापुढचे काही विचारायला तोंड नव्हते. पण राग रक्तातलाच आहे, असा शिक्क्याचा दाखला हातात पडला की पोरगा समजून घेईल, अशी त्यांची अटकळ होती.

"रागाचं असं एकच जनुक नसतं हो, बाबा. हजारो असतात. एकेकाचा वाटा तिळाएवढा. उरलेलं घर शिकवतं, सवय शिकवते."

"तिळातिळानंच पोतं भरतं."

"मग कामावर जाताना ते पोतं कुठे ठेवायचात? तिथे कधी कुणावर आवाज चढवल्याचं ऐकलं नाही."

"कसा चढवणार? माणसं आत अडकलेली असतात. अंधार असतो. दाराच्या फटीला तोंड लावून हळू बोलावं लागतं. घाबरू नका, मी इथंच आहे. ओरडलं तर जीव जायचा त्यांचा."

मिस्त्रींनी शेवटचे थुंकून नळी रेघेपर्यंत भरली. मुलीने तिला टोपण लावले.

"घरी आम्हीही आतच होतो की," ती म्हणाली, आणि घट्ट बसलेले टोपण पुन्हा पुन्हा पिळत राहिली.

मिस्त्रींनी ते ऐकले नाही असे दाखवले आणि वरच्या पिढीच्या नमुन्यासाठी दुसरी नळी घेऊन ते आत्याकडे निघाले. आत्या म्हणजे तोफखान्यांची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याऐंशी, कान अधू, जीभ शाबूत. मिस्त्रींनी तिच्या कानाशी ओरडून सगळे विज्ञान समजावले. ती हसता हसता ठसकली.

"अरे बाबा, माझ्या थुंकीत तू कसा निघशील? तुला तर आणलाय!"

"आणलाय? कुठून?"

"अनाथाश्रमातून. आठ महिन्यांचा होतास. वहिनीनं बजावलं होतं, आम्ही दोघं जाईपर्यंत बोलू नकोस. दोघं गेली, आणि मग मीच विसरले बघ."

मिस्त्री खाली बसले. नळी त्यांच्या हातातच होती.

"मग माझा राग?" त्यांनी विचारले.

"तुला कुठला राग! इतका गरीब होतास की वहिनी नाकाशी आरसा धरून श्वास बघायची. दादा तर तुला हातसुद्धा लावायचा नाही. मग तू चारएक वर्षांचा असशील. एक दिवस दादासारखीच वाटी भिरकावलीस भिंतीवर. काय आनंद झाला त्याला! 'शोभतोस माझा,' म्हणाला. तुला खांद्यावर घेऊन घरभर नाचला. पहिल्यांदाच उचललं त्यानं तुला." आत्याने डोळे पुसले. "मग काय, तू रोजच भिरकावायला लागलास."

परत येताना आपल्या इमारतीच्या लिफ्टसमोर मिस्त्री थोडा वेळ उभे राहिले. मग जिन्याने चार मजले चढले.

मुलगी दारातच होती. त्यांनी तिच्या हातात रिकामी नळी ठेवली आणि आत्याचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. मुलीने काही बोलायला तोंड उघडले, पण मिस्त्रींनी हातानेच थांबवले. टेबलावरचे पाकीट उचलून त्यांनी दुमडले, पुन्हा दुमडले आणि खिशात घातले.

"त्याला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर मला काहीतरी कारण सापडेल."

पलीकडून मुलाचा आवाज आला. "हां, बोल ताई."

"ताई नाही. मी बोलतोय."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

"ते जहाज मी फोडलं," मिस्त्री म्हणाले. "माझ्या बापाचा राग नव्हता तो. रक्ताचाही नव्हता. शिकलेला होता, आणि मी तो सोडला नाही. बाहेरच्यांसाठी रोज सोडायचो, तुमच्यासाठी सोडला नाही. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही, ऐकतोयस ना? तो माझा होता, माझा!"

आवाज सवयीने चढत गेला होता. मुलगी खाली मान घालून उभी होती. पलीकडून उत्तर आले, अगदी दबक्या आवाजात.

"बाबा, जरा हळू बोला. बाळ आत्ताच झोपलंय."