दोन बोटं जास्त

बुधवारी दुपारी एनेंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, फोन आला तेव्हा मी बिश्केकच्या छापखान्यात मुद्रितं तपासत बसले होते. एने फोनवर नेहमीच डोंगरापलीकडच्या मेंढपाळाला हाक मारावी तशा बोलतात.

"सूनबाई, ऐक. इथली शाळा तापवणारी भट्टी बिघडलीय, सोमवारपर्यंत सुट्टी. मी शुक्रवारी दुपारी नारिनला निघते, थोरले दीर जाऊन वर्ष झालं, त्याच्या जेवणाला. कानिशायला तिथे म्हाताऱ्यांत कुठे नेऊ? तुझं ते बर्फावरचं घसरणं आहे ना, तिकडे ने तिला."

"शुक्रवारी? परवा?"

"मग काय पुढच्या वर्षी? आणि हे बघ." त्यांचा आवाज खाली आला. "तिला विचार. नववी संपली की बिश्केकला तुझ्याकडे यायचं का. हो म्हणाली तर मी आडवी येणार नाही. नाही म्हणाली तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाही."

आमच्यात पहिलं मूल आजीच्या ओटीत घालण्याची रीत आहे. कानिशाय चाळीस दिवसांची झाली, त्या दिवशी मी तिला एनेंच्या हाती दिली. लोकांनी खाऊ वाटला आणि मी दुधाने भिजलेला सदरा बदलायला आतल्या खोलीत गेले. ती एनेंना 'आपा' म्हणते, आई. मला 'एजे', थोरली बहीण. तिचा बाप उत्तरेकडे तेलविहिरींवर असतो. तो फोनवर हवामान विचारतो. यात कुणी कुणावर अन्याय केला असं मी म्हणणार नाही. मला दुसरं मूल झालं नाही, इतकंच. पंधरा वर्षं सुट्ट्यांमध्ये मी तिची पाहुणी झाले आणि ती माझी.

बेत करणं मला जमतं. ज्याच्या हाती निर्णय नसतात तो वेळापत्रकं उत्तम आखतो. संध्याकाळपर्यंत काराकोल शहरातली खोली ठरली, गावातून आम्हाला घेऊन वर बर्फाच्या उतारापर्यंत नेणारी जीप ठरली, रविवारी परतताना अश्लानफूच्या थंड शेवया कुठे खायच्या तेही ठरलं. उरली स्की आणि बूट. ते भाड्याने देणारा तोक्तोसून आके, म्हणजे दादा, मला दोन हिवाळ्यांपासून ओळखतो.

"तुमच्यासाठी चोवीस सेंटिमीटरचा जोड ठेवतो," तो म्हणाला. "येतं कितपत आता?"

"मध्यम."

"मध्यम म्हणजे?"

"वळता येतं, थांबताही येतं. दोन्ही एकदम जमेलच असं नाही."

तो खदाखदा हसला. "माझं लग्नही तसंच चाललंय. बरं, मुलीचं सांगा. उंची? वजन? पाऊल किती?"

खिडकीबाहेर ट्रॉलीबसच्या तारेवरून एक ठिणगी उडाली आणि विझली.

"एजे, आहात ना? अंदाजे चालणार नाही. वजनावर खटका लावतात. पडलं तर बूट स्कीवरून वेळेवर सुटला पाहिजे. घट्ट राहिला तर पाय मोडतो, ढिला राहिला तर उगाचच सुटतो. आणि लवकर सांगा, लहान मापाचे बूट संपत आलेत."

तिला कुठला रंग आवडतो, ती कशाला भिते, झोपेत कुठल्या कुशीवर वळते याची उत्तरं मी मनाशी रचून ठेवली होती. पाऊल किती, हे कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. तिलाच फोन करावा, तर पहिलंच वाक्य हे असणार: तुझं माप मला माहीत नाही. मी एनेंना विचारलं.

"त्यात काय, थांब," एने म्हणाल्या. फोन चुलीजवळ ठेवल्याचा आवाज आला, मग "पाय पुढे कर गं, उंटिणी," मग कानिशायचं हसणं. बऱ्याच वेळाने एने परतल्या. "पायाच्या मापाने चिया गवताची काडी कापलीय. मोजपट्टीवर सत्तावीस भरली. वजन बटाट्यांच्या काट्यावर एकोणपन्नास. उंची दाराच्या खुणेवर आहे, एकशे बासष्ट."

सत्तावीस. मी तो आकडा तसाच तोक्तोसूनला कळवला. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं, पण त्या आकड्याकडे मी संशयाने पाहिलं नाही. मला तो एखाद्या बक्षिसासारखा वाटला होता.

शुक्रवारी मी गावात पोचले तेव्हा एने प्रवासाच्या कपड्यांत तयार होत्या. त्यांनी माझ्या हातात बोरसोकच्या तळलेल्या पुऱ्यांची पिशवी दिली आणि गवताची ती पिवळी काडी. "बाजारात बूट घेताना हीच आत घालून बघायची," त्या म्हणाल्या. कानिशाय जीपमध्ये आधीच पुढच्या सीटवर बसली होती. पूर्ण वाटेत ती ड्रायव्हरशी घोड्यांबद्दल बोलली.

माझा बेत असा होता: तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्यात दोघीच असतो, बारा मिनिटं, खाली देवदारांचे शेंडे. तिथे कुणाला उठून जाता येत नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीला विचारायचं.

शनिवारी सकाळी कानिशायने सत्तावीसच्या बुटात पाय घातला आणि टाच उचलली. बूट जागच्या जागी राहिला.

तोक्तोसूनने काडी मागून घेतली, उजेडात धरली. "कुणी कापली ही?"

"आपाने," कानिशाय म्हणाली. "लोकरी मोज्यांसकट मोजते ती. वर दोन बोटं वाढत्या पायासाठी."

"अहो, हे लोकरी नमद्याचे बूट नाहीत! हा पायाला चिकटून बसावा लागतो." तो मागच्या फळ्या धुंडाळून आला. "संपले. सुट्टीची गर्दी. आता फक्त हा चोवीसचा उरलाय, एजेंसाठी ठेवलेला."

मी तो तिच्यापुढे सरकवला. तिचा पाय त्यात चटकन बसला, जणू तो जोड तिच्याच नावाने ठेवला होता. तिने वर पाहिलं. "तुझंही चोवीसच?"

"हो."

"मग आळीपाळीने जाऊ," ती म्हणाली. "एक बसेल, एक घसरेल."

"आणि दर वेळी खटका मी बदलायचा," तोक्तोसून कुरकुरला. "एकीचं वजन एकोणपन्नास, दुसरीचं अडुसष्ट. खटक्याला काय मधलं बटण आहे?" पण सोबत न्यायला त्याने पेचकस खिशात घातला होता.

अशा रीतीने माझा सगळा बेत एका गवताच्या काडीवर मोडला. पाळण्यात आम्ही एकदाही एकत्र बसलो नाही. ती वर जाई तेव्हा मी खाली लाकडी बाकावर बसून उतार पाहत राही. बर्फ इतका पांढरा होता की डोळ्यांत पाणी येई आणि प्रत्येक ठिपका तीच वाटे. मग एखादा ठिपका तिरका झुके, अकारण धाडसी वळण घेई, आणि मी ओळखत असे. गावामागच्या टेकडीवर ती लाकडी फळ्यांवर शिकली होती; तिला वळण्याआधी थांबायचं माहीत नव्हतं. त्या बाकावर मला पहिल्यांदा एनेंची संध्याकाळ कळली: दार उघडं टाकून, चूल पेटती ठेवून, वाटेकडे पाहणं.

माझी पाळी आली की मी तिच्या पायाच्या उबेत पाय घाली. इतक्या वर्षांत तिची ऊब मला मिळाली ती अशी, बुटातून. मी जपून उतरायचे. खाली ती ओरडायची, "एजे, गुडघे वाकव! तू काय कपाट आहेस का?"

रविवारी दुपारी, शेवटच्या अदलाबदलीच्या वेळी, मी बक्कल सोडत असताना ती म्हणाली, "आपाने मला सांगितलंय, तू काय विचारणार आहेस ते."

माझे हात थांबले. "मग?"

ती हातमोज्यावरचा बर्फ दातांनी तोडत राहिली. "तिला सुईत दोरा ओवता येत नाही आता. गेल्या महिन्यात गाय शेजाऱ्यांकडे गेली आणि तिने त्यांच्या गायीला आमची समजून दावं बांधलं. मी गेले तर ती कुणालाच काही सांगणार नाही. तशीच राहील." मग हळू आवाजात, "नाही, एजे. मी नाही येत."

"बरं," मी म्हणाले. "मग मी हा विषय पुन्हा काढणार नाही. मी कबूल केलंय."

"तू काढायचा नाहीस असं ती म्हणाली," कानिशाय बुटात पाय सारत म्हणाली. "मी काढायचा नाही, असं काही म्हणाली नाही."

ती उठली, खटक्यात टाच दाबली. 'खट्' असा आवाज झाला. पाळण्यात बसून ती वर गेली. मी बाकावर बसले आणि तिचा ठिपका होण्याची वाट पाहू लागले.

सामान परत करताना तोक्तोसूनने वही पुढे ओढली. "पुढच्या हिवाळ्याची नावं आत्ताच घेतोय. परत अशी फजिती नको. येणार का?"

मी तोंड उघडण्याआधी कानिशाय वहीवर वाकली. "जानेवारीची सुट्टी लिहा. उंचीला दोन बोटं वाढवा, तेवढी मी वाढेन. वजन एकोणपन्नास, ते मी पुन्हा फोन करून सांगेन. पाऊल चोवीस." मग तिने जोडलं, "एजेचंही चोवीस. दोन जोड."

"दोन," तोक्तोसूनने लिहिलं, आणि खाली रेघ मारली.

जीपकडे जाताना तिने हात पुढे केला. "काडी कुठेय?" मी खिशातून काढून दिली. तिने ती आपल्या दोन बोटांशी लावली, तेवढा तुकडा मोडून बर्फात टाकला, आणि उरलेली काडी माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली. "आपाकडे दुसरी आहे."