घनाची धार

बाईंनी काळ्या दगडाच्या चौकोनी घनावरून अंगठा फिरवला; त्याच्या जोडीचा दगडी गोल शेजारीच होता. वरच्या कडेशी येताच त्या थांबल्या.

“मामा, हिची धार कुठे गेली?”

मामांनी वाकून कड पाहिली. एकतीस वर्षं ते बाईंच्या शिल्पशाळेत दगड घासत होते. बाई आकार काढायच्या, मामा पाणी मारून घासत त्याला झळाळी आणायचे. सगळे त्यांना गुण्यामामा म्हणत, कारण काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या त्यांच्या खिशाला पेनासारखा खोचलेला असायचा. आणि अशा माणसाच्या हातून कड चक्क बोथट झाली होती! नवशिक्याकडून ही चूक व्हायची नाही. तो कंटाळून आधीच हात थांबवतो. जास्त घासलं की कड मरते, हे मामांनीच तर आजवर दहा जणांना शिकवलं होतं.

“घन म्हणजे घर, मामा. गोल म्हणजे आभाळ. आभाळाला कड नसते, घराला हवीच. त्याशिवाय आतलं कोण नि बाहेरचं कोण, कसं कळणार?”

हे मामांना तोंडपाठ होतं. एकदा त्यांनी ते मोठ्या ऐटीत बायकोलाही ऐकवलं होतं. ती हसून हसून बेजार झाली होती. “घर? अहो, मग दार कुठंय? तुमच्या बाई आत शिरणार कुठून?” मामांनाही मग हसू आवरलं नव्हतं. ती जाऊन आता चार महिने झाले होते.

हे चार महिने सगळे गेल्यावर मामा एकटेच मागे राहत. किल्ली त्यांच्याकडेच असे. काम उरकलेलं असलं तरी घन पुढ्यात घेऊन ते घासत बसत. हात चालू असला की डोकं गप्प राही. घर मात्र खायला उठे.

“मशीनवर चढवून बोटभर छाटू,” बाई म्हणाल्या. “गोलाशेजारी जरा लहान दिसेल. दिसू दे.”

“मीच करतो ना. उद्या संध्याकाळी थांबून...”

“अजिबात नाही.” बाईंचा आवाज मऊ झाला. “तुम्ही रोज मागे थांबता, कळलंय मला. या वयात एवढं मरमर काम करतं का कुणी? चूक माझीच. मी लक्ष द्यायला हवं होतं. उद्यापासून पाचला घरी जायचं. आणा बघू ती किल्ली.”

बाई, हवं तेवढं रागवा, पण किल्ली राहू द्या, असं मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इतक्या मायेनं बोलणाऱ्या माणसापुढे हट्ट तरी कसा करायचा? ते जुडग्यातून किल्ली काढू लागले. ती काही केल्या निघेना, तेव्हा बाईंनीच हातभार लावला.

दुसऱ्या दिवशी पाचला हात धुऊन मामा बसथांब्यावर आले. ऊन अजून चांगलं लख्ख होतं. बस आली, ती त्यांनी सोडली. पुढची आली, तीही सोडली. तिसऱ्या बसच्या कंडक्टरनं दारातून विचारलं, “काका, यायचंय ना?”

“तुम्ही व्हा पुढे,” बाकावर थोडं सरकून शेजारी जागा करत मामा म्हणाले, “आमच्या घरचं माणूस यायचंय अजून.”

कंडक्टरनं मान डोलावली आणि घंटी मारली.